पोसल्याचा उपकार कसला? तो लेकराचा हक्क आहे!

“तिचे आई-बाप गेले तेव्हा कोणी दारात उभं करीत नव्हतं. आम्ही पोसलं तिला. आणि आज जाब आम्हालाच विचारता?” बाल कल्याण समितीच्या कार्यालयात एक मामा टेबलावर हात आपटून बोलत होता. गळ्यात निळा रुमाल. वस्तीतल्या जयंती मंडळाचा तो सात वर्षे अध्यक्ष. समोर भिंतीला टेकून त्याची तेरा वर्षांची भाची उभी. आणि मामाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याचा वकील म्हणून आम्ही बसलो होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही जे लिहिणार आहोत ते दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहिलेले नाही. मामाला विचारूनच लिहितो आहोत. “लिहा साहेब, माझ्यावरून चार जण शहाणे झाले तर होऊ द्या,” असे तो म्हणाला. मात्र गाव, शाळा, नाव काहीही देणार नाही आणि काही तपशील बदललेही आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही छापणे हा गुन्हा आहे. सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आमच्या चळवळीतल्या मंडळींना हे कलम ठाऊक नसावे, असे म्हणायला जागा आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आला की अनाथ मुलांना वह्या वाटल्याचे फोटो पेपरात येतात. मधे पाहुणे, हातात हार आणि ओळीने उभी केलेली, कॅमेऱ्याकडे बघणारी लेकरे, खाली शाळेच्या नावासकट बातमी. दोन वह्यांच्या बदल्यात त्या पोराच्या कपाळावर ‘अनाथ’ असा शिक्का आपण सगळ्या तालुक्यासमोर मारतो. वह्या जरूर वाटा. फोटो कशाला?

तर प्रकरण असे. मुलीचे आई-वडील मजुरीला जात असताना टेम्पो उलटला आणि दोघेही गेले. मागे दोन लेकरे. मुलगी मामाकडे आली, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान भाऊ चुलत्याकडे गेला. मोटार अपघात दावा प्राधिकरणात दावा आम्हीच चालवला. नुकसानभरपाई मंजूर झाली आणि अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम नेहमीप्रमाणे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत गेली. अज्ञानाचा पैसा नातेवाइकांच्या हातात रोख न देता तो सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवावा, ही शिस्त सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस खटल्यात नव्वदच्या दशकातच घालून दिलेली आहे. दोन वर्षांनी मामा आला. भाचीच्या शिक्षणाला पैसा लागतो, ठेव मोडायची परवानगी मिळवून द्या. आम्ही म्हटले, शाळेचा बोनाफाईड दाखला आण. आज आणतो, उद्या आणतो असे करीत त्याने दोन महिने घालवले. मग समितीची नोटीस आली. कोणीतरी १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन केला होता. कोणी केला ते आम्हाला आजही माहीत नाही. ज्याने केला त्याचे कल्याण होवो.

समितीसमोर निघाले ते असे की मुलीचे नाव सातवीनंतर पटावर नव्हतेच. मामी पहाटे कामाला जाते, घरात दोन लहान मुले, त्यातले एक पाळण्यातले. धुणीभांडी, पाणी, स्वयंपाक आणि पोरांना सांभाळणे हे सगळे या तेरा वर्षांच्या पोरीवर. समितीच्या मॅडमनी मामाला बाहेर बसवले आणि तिला जवळ घेऊन विचारले, “बाळा, तुला काय वाटतं? कुठं राहायचं?” बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, “मला शाळेत जायचंय. पण मामाला पोलिसात नका देऊ.”

हे वाक्य आम्ही आमच्या वकिलीत ऐकलेल्या शेकडो साक्षींपेक्षा जड आहे. त्यात शाळा आहे आणि मामाचे ऋणही आहे. ज्या घराने तिची शाळा हिरावली त्या घराला वाचवण्याची जबाबदारीही त्या लेकरावरच आली होती. ‘आम्ही पोसलं’ हे शब्द दिवसातून दोनदा कानावर पडले की मूल असेच घडते. भूक लागली तरी मागत नाही, ताप आला तरी सांगत नाही, मार बसला तरी रडत नाही.

मामा राक्षस नाही. गवंड्याच्या हाताखाली मजुरी करणारा, दोन खोल्यांत पाच माणसे वागवणारा माणूस आहे. बहीण-मेहुण्याचा जलदान विधी त्याने उसनवारीवर केला. पहिली दोन वर्षे त्याने भाचीला दप्तरासकट शाळेत पोचवले. शासनाने या काळात त्याला एक रुपया दिला नाही, कारण बाल संगोपन योजना नावाची काही गोष्ट आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तलाठ्याने नाही, ग्रामसेवकाने नाही, हेडमास्तरने नाही. आणि त्याचा दावा चालवून आपली फी घेणाऱ्या वकिलानेही, म्हणजे आम्हीही, नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजीत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्याला आपल्याकडे प्रतिपालकत्व किंवा सरळ संगोपन म्हणतात. हे दत्तक नव्हे. दत्तकात मूल कायद्याने दुसऱ्या घरचे होते. संगोपनात ते आपल्याच आई-बापाचे राहते. त्याचे नाव, आडनाव, जात, धर्म, वारसाहक्क सर्व जिथल्या तिथे. सांभाळणाऱ्याचा हक्क मुलावर निर्माण होत नाही, मुलाचा हक्क मात्र सांभाळणाऱ्यावर निर्माण होतो. आमच्याकडे पुष्कळ मंडळी शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून आणतात आणि ‘मूल आमच्या नावावर झाले’ म्हणून सांगतात. सातबारा नावावर होतो बांधवांनो, लेकरू होत नाही.

२००० च्या बाल न्याय कायद्यात संगोपनाचे कलम होते, पण त्याचा रोख दत्तक जाणाऱ्या तान्ह्या बाळांची तात्पुरती सोय एवढाच होता. २०१५ च्या कायद्याने कलम ४४ मध्ये हा विषय नीट मांडला. मूल कोणाकडे ठेवायचे हे बाल कल्याण समिती लेखी आदेशाने ठरवते. कुटुंब निवडताना त्याची ऐपत, इच्छा आणि मुले वाढवण्याचा अनुभव पाहायचा. भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करायचा. त्यांच्या हिताविरुद्ध असेल तरच वेगळे करायचे. आई-बाप हयात असून केवळ आजारपण, व्यसन, तुरुंग अशा कारणाने मूल बाहेर ठेवले असेल तर त्यांना भेटीचा मार्ग मोकळा ठेवायचा, आणि ते सांभाळण्यास लायक झाले की मूल परत द्यायचे. शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही सांभाळणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी आहे, असे कायदा स्पष्ट शब्दांत म्हणतो. ‘जमेल तसे’ हे शब्द त्यात नाहीत. समितीने दर महिन्याला तपासणी करायची, आणि कुटुंब कमी पडते असे दिसले तर मूल तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात द्यायचे. समितीचा संगोपनाबाबतचा आदेश कोणाला मान्य नसेल तर तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सोळा तत्त्वे दिलेली आहेत. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, जात, लिंग, जन्मस्थान, अपंगत्व यांवरून भेदभाव करता कामा नये, आणि संस्थेत टाकणे हा शेवटचा उपाय असला पाहिजे, ही त्यातली काही. मुलाचे म्हणणे ऐकणे! आमच्या घरात स्वतःच्या पोटच्या पोरीला लग्नाच्या वेळीसुद्धा कोणी विचारीत नाही, तिथे भाचीला कोण विचारणार?

शिक्षेचेही सांगून ठेवतो. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, उपाशी ठेवले, दुर्लक्ष केले आणि त्यातून मुलाला नाहक शारीरिक-मानसिक त्रास झाला तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. मूल पैशासाठी दिले-घेतले तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ‘पोरं सांभाळायला’ म्हणून पाठवलेली पोरकी मुलगी, उचल घेऊन कोणाच्या गोठ्यात ठेवलेला पोरका पोरगा, हे दिसले की आमच्या माणसांनी ‘बिचाऱ्याची सोय लागली’ म्हणून पुढे जाऊ नये.

पण कायद्यात एक भोकही आहे आणि ते कोणी दाखवीत नाही. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मूल ‘कुटुंबाला मदत’ करू शकते अशी सूट ठेवली गेली. आता कुटुंब म्हणजे कोण? आई, बाप, भाऊ, बहीण एवढेच नव्हे. कायद्याने त्यात आई-बापाचे भाऊ-बहीणही धरले. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या! ज्यांच्याकडे पोरकी मुले जातात नेमके तेच लोक. प्रस्थापितांची मुले शाळेनंतर क्लासला जातील आणि आमची पोरकी मुले ‘कुटुंबाला मदत’ करतील, हे ज्यांनी ठरवले त्यांनी कोणाच्या घरातले मूल डोळ्यांसमोर ठेवले होते, हा आमचा सवाल आहे. तरीही ही सूट शाळेच्या वेळेबाहेरच्या मदतीपुरतीच आहे. शाळा बंद करून घरी राबवणे या सुटीत बसत नाही, हे समितीसमोर ठणकावून सांगता येते.

शाळेचेही तसेच. सरकारी हेडमास्तर ‘दाखला आणा, मग बघू’ म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवणे हे शाळेचे कर्तव्य आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे करण्याचा हक्क संपत नाही.

आता आमच्या समाजापुरती एक गोष्ट, जी कोणत्याही सरकारी पुस्तिकेत सापडणार नाही. आमचे मूल मामाकडे वाढते तेव्हा त्याच्या बापाकडची कागदपत्रे कोण सांभाळतो? १९९० साली अनुसूचित जाती आदेशातील दुरुस्तीच्या लढ्यातून नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण सवलत मिळायची तर जातीचा दाखला हवा, पुढे जात पडताळणी हवी, आणि त्यासाठी बापाच्या बाजूचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जन्ममृत्यूची नोंद. बाप मेला, चुलत्यांशी भांडण झाले, ट्रंक गहाळ झाली, की अठराव्या वर्षी ते मूल मेडिकलच्या नाहीतर पोलीस भरतीच्या दारात कागदावाचून उभे राहते. ज्याने मूल घरात घेतले त्याने पहिल्या महिन्यात करायचे काम म्हणजे बापाच्या गावी जाऊन हे कागद गोळा करणे आणि समितीला अर्ज देऊन त्यांची नोंद फाइलवर घेणे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क एका ट्रंकेपायी बुडता कामा नये.

तीच गत जमिनीची. बापाच्या वाट्याला वतनाची एखादी एकर जमीन असते. वारसनोंद करताना अज्ञान मुलाचे नाव ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून काकाच्या नावापुढे लागते, आणि काही वर्षांनी तलाठ्याच्या दप्तरात काका राहतो, मूल नाहीसे होते. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे. (लागू का आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.) त्याच्या कलम ११ प्रमाणे मूल सांभाळतो एवढ्याच आधारावर कोणालाही त्याची मालमत्ता विकता येत नाही. आणि कलम ८ प्रमाणे प्रत्यक्ष बापालासुद्धा अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग काकाची काय कथा!

अत्याचारात ज्यांचे आई-बाप मारले गेले त्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, आणि त्यातली २०१६ ची दुरुस्ती, यांप्रमाणे खुनाच्या प्रकरणात वारसांना सव्वाआठ लाख रुपये, दरमहा निवृत्तिवेतन आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा व निर्वाहाचा खर्च मिळायचा असतो. मोर्चा निघतो, मंत्री येतात, चेक दिला जातो, फोटो होतो. वर्षभराने ते मूल कोणत्या शाळेत आहे हे विचारायला कोण जाते? करोनाच्या काळातही हेच पाहिले. २०२१ मध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव आणि केंद्राने दहा लाखांची योजना जाहीर केली, आणि तोवर न फिरकलेले नातेवाईक कागदपत्रे घेऊन धावत आले. सगळेच लोभी नव्हते. पण मूल कोणाला हवे आणि ठेव कोणाला हवी हे ओळखायला आदेश, तपासणी आणि न्यायालयाची परवानगी लागते. केवळ रक्ताचे नाते पुरत नाही.

शासनाचे काय? महाराष्ट्राची बाल संगोपन योजना जुनी आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. नाव मोठे, रक्कम बघा. कित्येक वर्षे मुलामागे महिना ४२५ रुपये, म्हणजे दिवसाला चौदा रुपये. २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०, म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये २०२२ पासून प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व या दोन्हींसाठी महिना ४००० आहेत, पण ते किती जणांपर्यंत पोचतात? बाल संगोपनाचा अर्ज करायचा तर मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, बँक पासबुक, मुलाचा पालकासह घरासमोरचा फोटो. निंदणीला जाणाऱ्या आजीने चार दिवसांची मजुरी बुडवून हे जमवायचे, आणि मग अनुदान महिनोन्महिने रखडायचे. दरमहा तपासणीचे म्हणाल तर जिल्ह्याला साधारण एक समिती, अध्यक्ष आणि चार सदस्य. महिन्यातून किमान वीस दिवस बसून रोजची प्रकरणे चालवायची आणि वर प्रत्येक घरी जायचे, हे माणसांना शक्य नाही. समित्यांवरच्या रिकाम्या जागा भरा असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा खटल्यात सांगावे लागले, यावरून शासनाची आस्था कळते. वस्त्यावस्त्यांतल्या आज्या-मावश्यांनी लाखो लेकरे फुकट वाढवली म्हणून सरकारची बालगृहे ओसंडली नाहीत. त्या कष्टांचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात नाही.

पण सरकारला शिव्या घालून आमची सुटका होत नाही. आम्ही कोणाचे वारस म्हणवतो? सिद्धार्थाची आई महामाया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली. त्याला वाढवले मावशी महाप्रजापती गौतमीने. भीमरावांची आई भीमाबाई १८९६ मध्ये गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यांचे संगोपन आत्या मीराबाईने केले. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा पदरी घेतला, त्याची जात पाहिली नाही, आणि त्या यशवंताला डॉक्टर केले. दर जयंतीला आम्ही मीराबाईचा उल्लेख एका ओळीत उरकून पुढे जातो. त्या आत्याने ‘मी पोसलं’ म्हणून भीमाला धुणीभांडी करायला घरी बसवले असते तर?

आणि आज? आमचा एक वर्ग आरक्षणातून शिकला, नोकरीला लागला, शहरात तीन खोल्यांचा फ्लॅट झाला, मुले पुण्याला-बंगळुरूला गेली. एक खोली रिकामी आहे. विहाराच्या बांधकामाला हा वर्ग पन्नास हजार देतो, त्याबद्दल आदरच आहे. पण प्रतिपालक कुटुंब म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाव नोंदवलेले आमच्यातले कुटुंब आम्हाला आजवर भेटलेले नाही. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी वाट आणखी सोपी केली आहे. पूर्वी जोडपेच लागे. आता ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही मूल सांभाळू शकते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगाच दिला जातो. आणि दोन वर्षे सांभाळल्यावर, मूल दत्तकयोग्य असेल तर, दत्तकासाठी अर्जही करता येतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागे. बालगृहांत सहा वर्षांवरची मुले वर्षानुवर्षे पडून असतात. दत्तक घेणाऱ्यांना तान्हे बाळ हवे असते, मोठे, सावळे, आडनाव कळलेले पोर नको असते. ते पोर कोणाचे, हे वेगळे सांगायला नको.

विहार समित्यांना एक इशारा देणे आम्ही वकील म्हणून कर्तव्य समजतो. चांगल्या हेतूने काही कार्यकर्ते पोरकी मुले स्वतःच्या घरी, विहारात, ‘आश्रम’ नावाच्या खोलीत ठेवतात. आई-बापापासून तुटलेले मूल आढळले तर कलम ३२ प्रमाणे चोवीस तासांत चाइल्डलाइन, पोलीस, बाल संरक्षण कक्ष किंवा समिती यांपैकी कोणाला तरी कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. आणि नोंदणीशिवाय मुले ठेवणारी संस्था चालवणे हाही गुन्हा आहे. कळवल्याने मूल हातचे जाईल ही भीती खोटी आहे. समिती तुम्हालाच योग्य व्यक्ती म्हणून ठरवू शकते. मग तुमच्या हातात कागद राहतो आणि मुलाच्या पाठीशी कायदा राहतो.

त्या दिवशी समितीच्या कार्यालयाबाहेर पिंपळाखाली आम्ही मामाला सांगितले की ठेव मोडण्याचा अर्ज आम्ही चालवणार नाही. तो चिडला, दुसरा वकील करतो म्हणाला. मग जिन्यावर बसला आणि बराच वेळ बोललाच नाही. “मंडळाच्या वर्गणीची पावती मी कधी चुकवली नाही साहेब,” एवढेच मध्ये म्हणाला. त्याला काय म्हणायचे होते ते आम्हाला कळले, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

समितीने मुलीला तिच्या इच्छेप्रमाणे आईच्या आईकडे दिले. आजीचे गाव तसे जवळच. घरची चौकशी झाली, प्रायोजकत्वाचा अर्ज गेला, प्राधिकरणाकडून ठेव न मोडता तिचे फक्त व्याज शिक्षणासाठी खात्यात यावे असा आदेश आम्ही मागून घेतला. त्या अर्जाची फी घेतली नाही, घेण्यासारखी नव्हतीच. मुलगी आठवीत बसली. तिची पत्र्याची पेटी आजीच्या घरी मामानेच मोटारसायकलवर नेऊन पोचवली. दर रविवारी तो जातो, पोरीसाठी काही ना काही नेतो. मामी अजून बोलत नाही.

भाऊ मात्र अजून चुलत्याकडे आहे. चुलत्याचे म्हणणे, मुलगा आमच्या घराण्याचा आहे, बहिणीचे काय ते आजीने बघावे. सातबाऱ्यावर त्या मुलाचे नाव आहे हे आम्ही पाहून आलो आहोत. दोघांना एकत्र ठेवावे असा अर्ज समितीपुढे आहे आणि सुनावणीला चुलत्याने मुलाला हजर करायचे आहे. दोन वर्षांत ही भावंडे दोनदाच भेटली, तीही लग्नाच्या मांडवात. परवा मुलीचा आजीच्या मोबाइलवरून फोन आला. तारीख कळली म्हणून खुश होती. मग विचारले, “वार कोणता साहेब?” मंगळवार म्हटल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. म्हणाली, “त्याची त्या दिवशी चाचणी परीक्षा आहे. तारीख पुढं घ्या ना. त्याची शाळा बुडायला नको.”

तारीख पुढे घेण्याचा अर्ज आम्ही काल दिला.